दादासाहेब फाळके यांचा छापखाना

कै. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव सर्वत्र होतो. १९६९ पासून केंद्र सरकारने त्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वश्रेष्ठ पुरस्कार सुरू केला, १९७१ मध्ये त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले आणि २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाने त्यांची कथा घरोघरी नेली. अशा पुरुषाविषयी आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आणखी काय लिहावयाचे, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हांसही तो पडला होता. तथापि त्यांचे चरित्र जसजसे वाचीत गेलो तसतसे आमच्या ध्यानात आले की, लोक ही कथा जेथून आरंभितात तेथे दादासाहेबांचे निम्म्याहून अधिक आयुष्य संपून गेलेले असते.

गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या पडद्यावर आपल्या राम-कृष्णांस आणण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्या वेळी दादासाहेब चाळिशीचे गृहस्थ होते. त्यापूर्वीची वीस-बावीस वर्षे ते काय करीत होते? बहुतेक लेखक ती वर्षे चार ओळींत उरकतात. छायाचित्रे काढली, पडदे रंगविले, जादूचे प्रयोग केले, नोकरी केली, छापखाना काढला, आणि कशातच मन रमले नाही, असा त्यांचा सूर असतो. आमचे मत निराळे आहे. दादासाहेब चित्रपटाने घडले नाहीत. ते घडले या लहानसहान कलाधंद्यांत, आणि विशेषेकरून लोणावळ्याच्या व दादरच्या छापखान्यात. चित्रपट हे त्या घडलेल्या माणसाच्या हातून झालेले काम होय. म्हणून या लेखात छापखान्यालाच आम्ही अधिक जागा देणार आहोत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव उर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. घर वैदिकाचे, यज्ञयाग, पठण, थोडे औषधपाणी हीच त्या घरची विद्या आणि उपजीविकाही. धुंडिराजानेही पोथी पुढे चालवावी, हे ओघानेच आले. परंतु दाजीशास्त्र्यांस मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे मुलाची चित्रकलेची ओढ पाहून १८८५ मध्ये त्याला सर ज. जी. कलाशाळेत घालण्यात आले. शास्त्र्याचा मुलगा कुंचला हाती धरतो, हे त्या काळी किती घरांत रुचले असते? दाजीशास्त्र्यांनी मुलाची वाट अडविली नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही त्यांस मनोमन वंदन करतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची वाचकांनी मुभा द्यावी. सुमारे अडतीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही असंख्य मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसताना पाहिली. पालक हौसेने रंगपेट्या आणून देत. पण दहावीच्या निकालात चार गुण वाढावेत हा हेतू सफल झाला की तीच रंगपेटी माळ्यावर जाई. मुलाने पुढे याच विद्येवर पोट भरण्याची गोष्ट काढली की घरात सुतकी कळा पसरे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका शास्त्र्याने जे केले ते आजच्या शिकल्यासवरल्या आईबापांस जड जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मुंबईचा अभ्यासक्रम पुरा करून धुंडिराज थोरले बंधू शिवरामपंत यांजकडे बडोद्यास गेले. तेथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले होते. गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणते. कला म्हणजे केवळ सुबक रेघ नव्हे, तिच्यामागे द्रव्यांचे ज्ञान, यंत्रांचे ज्ञान आणि बाजाराचेही ज्ञान हवे, अशी या संस्थेची धारणा होती. येथे तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम आणि वास्तुकला यांबरोबरच दादासाहेब छायाचित्रणही शिकले. पुढे गज्जरांनी त्यांस रतलाम येथे ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यास धाडले, आणि परत आल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळा व चित्रशाळा त्यांच्या स्वतंत्र कामासाठी मोकळी करून दिली. शिष्याला नुसती विद्या देऊन न थांबता पहिले दुकान मांडण्यास जागा देणारा असा गुरू लाभणे, हे परमभाग्य होय.

मात्र विद्या येणे निराळे आणि तिच्यावर संसार चालविणे निराळे, हा धडा लवकरच मिळाला. १८९५ च्या सुमारास दादासाहेबांनी गुजरातेत गोध्रा येथे छायाचित्रांचा धंदा मांडला. काही काळ तो बरा चालला. तोच प्लेगाची साथ आली. मुंबई इलाख्यात त्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली. त्यात दादासाहेबांची पत्नी आणि मूल दोघेही गेली. वयाच्या तिशीत हा मनुष्य पुन्हा एकटा झाला. गोध्रा सोडून तो बडोद्यास परतला आणि तेथे छायाचित्रांचे दुकान घातले, तर लोक दुकानाची पायरी चढेनात! छायाचित्र काढले की देहातील शक्ती कमी होते आणि मनुष्य लवकर मरतो, असा समज तेथे पसरला होता. उत्तम यंत्र आहे, हाती कसब आहे, आणि गिऱ्हाईक भयाने दूर उभे आहे, अशी ही अवस्था.

मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास घेतले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून, आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून, केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. या उद्योगांस कोणी धरसोड म्हणतात. पोट भरण्यासाठी केलेल्या उद्योगास धरसोड म्हणणाऱ्यांनी स्वतः महिन्याच्या एक तारखेस पगार घेतलेला असतो, एवढेच आम्ही म्हणू. पडद्यांनी त्यांस रंगभूमीची मापे शिकविली, जादूने प्रेक्षकांची नजर कोठे खेचावी हे शिकविले. ही शिदोरी पुढे कोठे सुटणार होती याची त्यांस तेव्हा कल्पनाही नव्हती.

१९०२ मध्ये त्यांचा द्वितीय विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील. सासरचे नाव सरस्वती. वयाने ती पतीहून पुष्कळच लहान होती. या साध्वीविषयी पुढे लिहावयाचे आहेच. १९०३ मध्ये दादासाहेबांस सरकारी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशे-आराखडे काढणारे म्हणून नोकरी मिळाली. आता कोठे गाडी रुळावर आली असे नातलगांस वाटले असेल. सरकारी नोकरी म्हणजे ठरलेला पगार, समाजात मान आणि म्हातारपणी पेन्शन. आपल्या ज्ञातीत तर, पोथी सुटल्यापासून, हीच कुलदेवता होऊन बसली होती. आणि अशी नोकरी दादासाहेबांनी तीनच वर्षांनी, १९०६ च्या सुमारास, सोडून दिली.

का सोडली? वंगभंगानंतर, म्हणजे १९०५ पासून, स्वदेशीचे वारे देशभर वाहत होते. परदेशी माल न घेणे हा त्या चळवळीचा एक अर्थ. परंतु तो माल येथे निपजवून दाखविणे हा दुसरा आणि कठीण अर्थ. दादासाहेबांनी दुसरा अर्थ घेतला. आपल्याला जी विद्या येते ती सरकारच्या दप्तरात पुरून टाकण्याऐवजी तिचा कारखाना काढावा, असे त्यांच्या मनाने घेतले. भागीदाराचे साह्य घेऊन त्यांनी लोणावळ्यास फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स या नावाने छापखाना उभा केला. घरात तरुण पत्नी, पुन्हा मांडलेला नवा संसार, वय छत्तीस आणि पदरी दोन बुडालेली दुकाने. अशा माणसाने पेन्शनीची नोकरी सोडावी की न सोडावी, याचा निवाडा वाचकांनी आपापल्या घरी करावा. आम्हांस एवढेच दिसते की, त्या दिवशी ते नोकरीत राहिले असते तर पुराणवस्तू खात्याच्या जुन्या दप्तरात काही सुरेख आराखडे आज पडून असते.

लोणावळाच का, याचेही कारण आहे. जवळच मळवली येथे राजा रविवर्मा यांच्या नावाचा चित्रांचा छापखाना होता. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्थापन केलेला हा छापखाना पुढे मळवलीस हलला आणि श्लायखर नामक जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आपल्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी कमळावर उभी असे, जी सरस्वती वीणा घेऊन बसलेली असे, त्यांतील कितीतरी चित्रे येथूनच निघालेली. दादासाहेबांच्या छापखान्याचे आरंभीचे मुख्य काम म्हणजे या छापखान्यासाठी छायाचित्राच्या साहाय्याने दगडावर उतरविण्याच्या छापांची तयारी करणे.

हे काम काय असते, हे आजच्या मुलांस ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. शिळाछापाचा दगड म्हणजे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून येणारी गुळगुळीत चुनखडी. तिच्यावर तेलकट शाईने चित्र काढावयाचे, मग दगड पाण्याने ओला करावयाचा. जेथे तेलकटपणा आहे तेथे पाणी ठरत नाही आणि जेथे पाणी आहे तेथे छपाईची शाई लागत नाही. तेल आणि पाणी यांच्या या वैरावर सारा छाप उभा. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगास निराळा दगड. एका देवतेच्या चित्रास दहा-बारा दगडही लागत. तोच कागद एकामागून एक सर्व दगडांवरून काढावयाचा आणि प्रत्येक खेपेस तो अगदी त्याच जागी बसवावयाचा. केसभर सरकला की देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जाई आणि तो कागद रद्दी होई. हाताने दगडावर चित्र उतरविण्यास कसबी माणसाचे दिवसच्या दिवस जात. छायाचित्राच्या साह्याने ते उतरविले तर वेळ वाचे आणि मूळ चित्राशी इमानही राही. ही विद्या दादासाहेबांस अवगत होती.

मागाहून त्यांनी हाफटोन ठशांचे आणि तिरंगी छपाईचे काम हाती घेतले. हाफटोनमध्ये चित्राचे छायाचित्र बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून घेतात, म्हणजे छायाप्रकाशाचे लहानमोठे ठिपके होतात. ते तांब्याच्या वा जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने पत्रा खाववितात. आम्लात पत्रा क्षणभर अधिक राहिला तर ठिपके झिजून चित्र फिके पडते. क्षणभर कमी राहिला तर चित्र काळवंडते. तिरंगीत एकाच चित्राची तीन छायाचित्रे तीन रंगांच्या काचांतून घ्यावयाची, त्यांचे पिवळा, तांबडा व निळा असे तीन ठसे करावयाचे आणि एकावर एक छापून जगातील सारे रंग त्या तिघांतून उठवावयाचे. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली तासन् तास उभे राहणे, आम्लांच्या वाफा, शाईने माखलेले हात. वेदोक्त कर्मे शिकलेल्या हातांचे हे काम!

आमच्या मते दादासाहेबांची खरी शाळा ती हीच. कलाभवनात त्यांस विद्या मिळाली, परंतु विद्यार्थ्याची चूक मास्तर लाल रेघेने दाखवितो आणि विषय तेथेच संपतो. कारखान्यात चुकीचे पैसे पडतात. गिऱ्हाईकास ठरल्या दिवशी माल हवा असतो. त्या दिवशी ऊन नव्हते, पाणी गढूळ होते, कारागीर आजारी होता, ही कारणे त्यास सांगून भागत नाही. प्रकाश किती, द्रावण किती, वेळ किती, हे नेमके मोजण्याची शिस्त अशी लागते. शिवाय स्वतःचा कारखाना चालविणाऱ्यास प्रत्येक काम स्वतःस यावे लागते, कारण जे त्याला येत नाही त्यात त्याला कोणीही नाडू शकतो. मूळचा मनस्वी कलावंत येथे मोजूनमापून काम करणारा आणि चार माणसांकडून काम करवून घेणारा कारखानदार झाला. स्वभावातील तापटपणा गेला असे नाही. परंतु हात स्थिर झाला.

धंदा वाढला तसा १९०८ मध्ये छापखाना मुंबईस दादर येथे हलविण्यात आला आणि पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे त्याचे नाव झाले. रंगीत छपाईची नवी यंत्रे हवी होती. ती पाहून आणण्यासाठी १९०९ मध्ये दादासाहेब जर्मनीस गेले. समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त सांगणारी मंडळी आपल्यात तेव्हा होती, हे ध्यानात घ्यावे. त्र्यंबकेश्वरच्या वैदिकाचा मुलगा यंत्रांच्या देशात जाऊन, कारखाने पाहून, यंत्रे घेऊन परत आला. कामास उत्कृष्ट म्हणून नाव मिळाले. गोध्र्याच्या दुकानापासून येथवरचा पल्ला पाहिला म्हणजे, आता पुढील आयुष्य सुखात जाईल असेच कोणासही वाटावे.

परंतु येथेच ठिणगी पडली. कारखाना कसा चालवावा याविषयी भागीदारांशी दादासाहेबांचे मतभेद होऊ लागले. भांडवल घालणारास नफा दिसावा लागतो. काम करणारास काम दिसावे लागते. दोघेही आपापल्या परीने खरे असतात, आणि म्हणूनच हे भांडण सहसा मिटत नाही. दादासाहेब एके दिवशी भागीदारीतून बाहेर पडले. जो कारखाना आपल्या हातांनी उभा केला त्यातून त्यांनी पैचाही मोबदला घेतला नाही. चरित्रकार याचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात. आम्हांस त्यातील बाणेदारपणा दिसतो, तसे आणखीही एक दिसते. घरी बायकामुले होती. मानासाठी हक्काचा वाटा सोडून देणे पुरुषास शोभून दिसते, पण त्या वाट्यातून ज्यांची चूल पेटावयाची त्यांस कोणी विचारले होते काय? कलेच्या धंद्यात सर्व काही शिकलेला हा पुरुष करारनामा मात्र शिकला नाही. हे त्यांचे वैगुण्य होते आणि ते शेवटपर्यंत राहिले.

इतर धनिकांनी नवा छापखाना काढून देण्याची तयारी दाखविली, ती त्यांनी नाकारली. या रिकामपणात, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील तो चित्रपट त्यांच्या दृष्टीस पडला. पुढील कथा वाचकांस विदित आहे. ती आम्ही एकाच अंगाने पाहू.

चित्रपट म्हणजे काय, हे इतर प्रेक्षकांस कोडे होते. दादासाहेबांस ते अर्धेअधिक सुटलेले होते. कॅमेरा, भिंग, द्रावणे, अंधारी खोली, ही त्यांची रोजची हत्यारे. अहोरात्र प्रयोग करून त्यांनी डोळ्यांवर इतका ताण घेतला की काही काळ दृष्टीच गेली. उपचाराने ती परत आली. मग विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांस प्रथम या धंद्याच्या धोक्याची जाणीव दिली. पण हा मनुष्य हटत नाही असे पाहून चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. लंडनमधील त्यांचा मुक्काम काही आठवड्यांचाच. एवढ्या अवधीत नवखा मनुष्य काय शिकेल? परंतु ते नवखे नव्हतेच. वीस वर्षांच्या कारागिरीने जे आले होते त्यात किती उणे आहे, तेवढेच त्यांस पाहावयाचे होते. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते परतले.

येथे आल्यावर धनिकांस पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि महिनाभर त्याच जागेवरून त्यांची वाढ थोडी थोडी टिपून मिनिटाभराचा चित्रपट केला. कोंबास पाने फुटून रोप वर चढताना पाहून पाहणारे चकित झाले. आम्हांस मात्र यात छापखान्याचा माणूस दिसतो. महिनाभर कॅमेऱ्याची जागा हलू न देणे, प्रत्येक चौकट मागील चौकटीवर चपखल बसविणे, हेच तर रंगावर रंग बसविण्याचे काम.

आता सरस्वतीबाईंविषयी. चित्रपटासाठी त्यांनी आपले दागिने दिले, हे सर्वश्रुत आहे, आणि त्याग म्हणून त्याचीच वाखाणणी होते. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्यांनी शिकून घेतलेली विद्या. लंडनहून आणलेल्या कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. ती घरी, अंधारात, हाताने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाईंनी केले. छिद्र तसूभर इकडे-तिकडे झाले तर पडद्यावर चित्र नाचू लागते. फिल्म द्रावणात धुऊन काढणे, द्रावणे मिसळणे, यांतही त्या तरबेज झाल्या. आणि हे सारे कारखान्यातील मंडळींचा स्वयंपाक सांभाळून! शास्त्र्याच्या मुलास कारागीर होण्यास वीस वर्षे लागली. ही बाई चुलीपाशी बसून एकदोन वर्षांत कारागीर झाली. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणताना जननीचे नाव घेण्यास आपण फार उशीर केला.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात आकारास आला. स्त्रीपात्रासाठी कोणीही बाई तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सुमारे ३७०० फूट लांबीचा हा मूकपट २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांस दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी खुला झाला. लोकांनी तो उचलून धरला. पुढे दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकास नेला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. छायाचित्रणाच्या आणि जादूच्या जुन्या विद्येचे चीज येथे झाले. हनुमान आकाशात उडाला, आणि गोध्र्या-बडोद्याच्या पडत्या दिवसांत जमविलेली शिदोरी सार्थकी लागली.

एवढे यश आले तरी भांडवलाशी त्यांचे पटले नाही. १९१८ मध्ये भागीदारांच्या साह्याने हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हे तिचे नामवंत चित्रपट. ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. आणि याच सुमारास दादरच्या छापखान्याचीच कथा नाशिकास पुन्हा घडली. भागीदारांस खर्चाचा हिशेब हवा; दादासाहेबांस कामात कोणाचा हात नको. ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. काही काळाने समजूत पडून ते पुन्हा नाशिकास त्याच कंपनीत आले आणि चित्रपट काढीत राहिले, परंतु पूर्वीची सत्ता आणि पूर्वीचा बहर राहिला नाही. गज्जरांनी त्यांस रसायने शिकविली, रतलामने ठसे शिकविले, जर्मनीने यंत्रे शिकविली. पैसा घालणाऱ्या माणसाबरोबर नांदावे कसे, हे शिकविणारा गुरू त्यांस भेटला नाही. किंवा भेटला असेल तर त्यांनी त्याचे ऐकले नाही.

बोलपट आल्यावर त्यांची विद्या एका रात्रीत जुनी ठरली. कोल्हापुरात काढलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट आणि अखेरचा चित्रपट. उतारवयात आर्थिक ओढाताण होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे तुकडे आज शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ही पुरा मिळत नाही. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात १९१७ सालच्या एका लघुपटाचा अंश जतन झाला आहे. चित्रपट कसे तयार होतात हे लोकांस दाखविण्यासाठी दादासाहेबांनी तो काढला होता. त्यात ते स्वतः दिसतात. नटांस काम समजावून देतात, आणि मग बसून फिल्मची पट्टी दोन्ही हातांनी उजेडाकडे धरून एकेक चौकट निरखतात, लोणावळ्यास ओल्या काचेवरचा ठिपका निरखीत असतील तसे.